रोममध्ये पाकीट गेलं. आता व्हिएतनामला जाऊ का?

वाचकाचं पत्र: "मी सोलापूरला शाळेत शिकवते, वय ३८. दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदाच एकटी परदेशी गेले, इटलीला. तिसऱ्याच दिवशी रोममध्ये टर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या ६४ नंबरच्या बसमध्ये कुणीतरी पर्सची चेन उघडून आतलं पाऊच काढून घेतलं. त्यात फोन, पगाराच्या खात्याचं डेबिट कार्ड, परकीय चलन भरलेलं फोरेक्स कार्ड आणि ३०० युरो होते. पासपोर्ट हॉटेलात होता म्हणून वाचला. चोरी दुपारी कळली, बँकेशी बोलणं व्हायला रात्र झाली. तोवर खात्यातून बरेच पैसे गेले होते, काही त्यानंतरही गेले. सगळे मिळून ६२ हजार. बँक म्हणते, तुम्ही उशिरा कळवलंत. उरलेले पाच दिवस खोलीत बसून काढले आणि परत आले. घरी सगळ्यांचं एकच, एकटीनं जायची गरज काय होती! मार्चमध्ये व्हिएतनामचं अकरा दिवसांचं तिकीट आधीच काढलेलं आहे. जाऊ की रद्द करू? गेले तर काय वेगळं करू?"

ताई, तिकीट रद्द करू नका, जा. पण त्याआधी रोममध्ये नक्की काय बिघडलं ते नीट पाहू, कारण घरचे म्हणतात ते कारण नाही.

६४ नंबरची बस पाकीटमारांसाठी पूर्वीपासून बदनाम आहे. स्टेशनवरून निघालेले, सामान घेतलेले, खिडकीबाहेर बघणारे प्रवासी तिच्यात भरलेले असतात. तिथं नवरा-बायको मिळून गेले असते आणि सगळं एकाच पाऊचमध्ये असतं, तरी हेच झालं असतं. तुमच्या पाऊचमध्ये एकमेकांना सोडवणाऱ्या चारही वस्तू एकत्र होत्या. कार्ड गेलं तर फोनवरून बंद करायचं, फोन गेला तर कार्डावर दिवस काढायचे, दोन्ही गेलं तर रोख रकमेवर टॅक्सी करून हॉटेल गाठायचं, असा आपला हिशेब असतो. एका हिसक्यात तिन्ही वाटा बंद झाल्या. भर म्हणून फोनमध्ये भारतीय सिम होतं, म्हणजे ओटीपीही चोराच्या हातात. यूपीआयचा पिन नव्यानं लावायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो. काही बँका एटीएमचा पिनही विचारतात. यातलं बहुतेक सगळं त्या एका पाऊचमध्ये होतं. एकटं असण्याचा तोटा एवढाच, की दुसऱ्याच्या खिशात दुसरा संच नसतो. तो संच आपला आपणच दुसरीकडे ठेवायचा.

आधी ६२ हजारांचं बघू, कारण ते प्रकरण अजून संपलेलं नाही.

रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात दोन गोष्टी स्पष्ट केल्या आहेत. ग्राहकानं कळवल्यानंतर झालेल्या व्यवहाराचा तोटा बँकेचा. आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेचीच. त्यामुळे "उशिरा कळवलंत" एवढ्यावर विषय मिटत नाही. खातेउतारा समोर घ्या आणि प्रत्येक व्यवहाराची वेळ लिहा. मग तुमचा फोन बँकेला किती वाजता लागला ते शोधा. तक्रार क्रमांकाचा मेसेज किंवा ईमेल असेल, नसेल तर बँकेकडे कॉलची नोंद लेखी मागा. इथं एक घोळ हमखास होतो: उताऱ्यावरची वेळ बहुधा आपली असते आणि तुमच्या लक्षात असते ती रोमची. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. त्यामुळे त्या रविवारच्या आधीची तारीख असेल तर फरक साडेतीन तासांचा, नंतरची असेल तर साडेचार तासांचा. हे जुळवलं की कळवल्यानंतरचे व्यवहार सरळ वेगळे काढता येतात. ते परत मागा. आधीच्या व्यवहारांसाठी, पिन किंवा ओटीपी न वापरता झालेले कोणते ते बँकेला लेखी विचारा. परदेशी वेबसाइटवर कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे जाऊ शकतात, ओटीपी विचारतीलच असं नाही. दुकानात कार्ड नुसतं टेकवूनही युरोपात साधारण ५० युरोपर्यंतचं बिल पिनशिवाय होतं. शाखेत अर्ज देऊन पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. त्याला पैसे लागत नाहीत आणि चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. हे काम मार्चच्या आधी सुरू करा.

आता व्हिएतनाम. सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे फोन.

घरात कुणाचा तरी जुना, चालू स्थितीतला स्मार्टफोन पडून असेल. भारतीय सिम त्यात घाला. बँकेचं ॲप आणि यूपीआय त्याच फोनवर सुरू करा, कारण ही ॲप सिम आणि फोन दोन्हींशी बांधलेली असतात. हे निघायच्या किमान पंधरा दिवस आधी करा. जुन्या फोनवर बँकेचं ॲप चालतच नाही असं कित्येकदा निघतं, आणि ते विमानतळावर कळून उपयोग नाही. हा फोन हॉटेलात, कुलूपबंद बॅगेत किंवा खोलीतल्या तिजोरीत राहील. रोमिंग सुरू ठेवा, म्हणजे ओटीपीचे मेसेज येतील. रस्त्यावर न्यायचा फोन वेगळा: त्यात तिथलं सिम किंवा ई-सिम, नकाशा, भाषांतराचं ॲप, टॅक्सीचं ॲप आणि कॅमेरा. बँकेचं काहीही नाही. तो गेला तर गेला एक फोन.

एवढा खटाटोप कशासाठी? भारतीय सिम परदेशात गेलं तर नवीन सिम तिथं मिळत नाही. ते आपल्याकडे येऊन, स्वतः हजर राहून, ओळख पटवूनच घ्यावं लागतं. वर नव्या सिमवर पहिले २४ तास मेसेज बंद असतात. म्हणजे सिम गेलं की उरलेल्या प्रवासात ओटीपी नाही. सिमला स्वतःचा पिनही लावून ठेवा, म्हणजे चोरानं ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी चालणार नाही. मात्र पिन पहिल्यांदा लावताना फोन कंपनीचा मूळ पिन विचारतो. तो अंदाजानं टाकू नका. तीनदा चुकलं की सिम अडकतं आणि पीयूके, म्हणजे ते पुन्हा उघडायचा क्रमांक, मागत बसतं. कंपनीच्या दुकानात विचारून तिथंच लावून घ्या.

दुसरी किल्ली म्हणजे गुगलचे बॅकअप कोड. नव्या संगणकावरून ईमेल उघडायला गेलं की गुगल "तुमच्या फोनवर होय दाबा" असं सांगतं, आणि फोन तर चोराकडे! त्यासाठी गुगल खात्याच्या सुरक्षा विभागातून आठ आकडी दहा कोड आधी छापून घेता येतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो. हा कागद पासपोर्टच्या झेरॉक्ससोबत ठेवा, फोनच्या कव्हरमध्ये नाही. व्हॉट्सॲपलाही सहा आकडी पिन लावा, नाहीतर तुमच्या नावानं तुमच्याच मामाला "पैसे पाठव" असा मेसेज जाईल.

पैशांचे तीन वाटे करा. पगाराच्या खात्याचं कार्ड सोलापुरातच कपाटात राहू द्या. दुसऱ्या एखाद्या खात्यात मोजकी रक्कम ठेवून त्याचं कार्ड न्या. आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू-बंद करता येतात. एटीएम, दुकान, ऑनलाइन आणि टेकवून देणं यांची मर्यादा वेगवेगळी ठेवता येते. ऑनलाइन बंदच ठेवा. फोरेक्स कार्ड घेताना जोडीला राखीव कार्ड देतात का ते विचारा आणि ते दुसऱ्या बॅगेत टाका. फोरेक्स कार्डाची मोठी सोय म्हणजे घरचं माणूस सोलापूरच्या शाखेतून त्यात पैसे भरू शकतं. त्यासाठी लागणारं अधिकारपत्र आणि फॉर्म सही करून घरी ठेवून जा. रोख डॉलर नव्या, न मुडपलेल्या नोटांमध्ये घ्या. त्यातले २०० डॉलर कपड्यांच्या बॅगेत सर्वात तळाशी एका मोज्यात, आणि शेवटच्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. व्हिएतनाममध्ये २० हजार डोंगची आणि पाच लाख डोंगची, दोन्ही नोटा निळसर असतात. चहाच्या टपरीवर घाईत पाच लाखांची नोट देऊन बसणारे पुष्कळ. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवल्या की प्रश्न मिटतो.

खिशाचं काम शिंप्याकडे करून घ्या. बाजारातल्या कमरपट्ट्याच्या पाऊचपेक्षा आपल्या आजींचा परकराचा चोरखिसा कितीतरी बरा. पासपोर्टची वही साडेबारा सेंटिमीटर लांब आणि जवळपास नऊ सेंटिमीटर रुंद असते. म्हणून खिसा आतून पंधरा बाय अकरा सेंटिमीटरचा, सुती कापडाचा. सलवारीच्या किंवा पँटच्या कमरेखाली आतल्या बाजूनं, डाव्या हाताला थोडा पुढे. मागे नको, बसताना पासपोर्ट मोडतो. तोंड वर आणि त्याला चेन. चेनच्या टोकाच्या भोकातून एक छोटी सेफ्टी पिन कापडाला अडकवली की चेन नुसत्या ओढण्यानं उघडत नाही. घामानं वही फुगू नये म्हणून आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत. असे खिसे दोन-तीन कपड्यांना शिवून घ्या, एकाच पँटवर अकरा दिवस निघत नाहीत. आणि हा खिसा रस्त्यात उघडायचा नाही. दिवसाचा खर्च वरच्या पर्समध्ये, तोही एका दिवसापुरता.

पर्स कशी धरायची हे तुम्हाला शिकवायला नको. सोलापूरची गड्ड्याची जत्रा आठवा. होम मैदानावर पाळण्यांच्या रांगेत सगळ्याजणी पर्स पोटाशी घेऊनच उभ्या असतात. रोमच्या बसमध्ये तीच सवय सुटली, कारण परका देश बघण्यात आपले डोळे गुंततात. व्हिएतनाममध्ये चोरीची तऱ्हा वेगळी आहे. तिथं, विशेषतः हो ची मिन्ह सिटीत, मोटारसायकलवरून दोघं येतात आणि मागे बसलेला फोन किंवा पर्स हिसकावतो. फूटपाथच्या कडेला उभं राहून नकाशा बघणं हेच त्यांना हवं असतं. नकाशा बघायचा तर दुकानात शिरा, भिंतीला पाठ लावा. पर्स दुकानांच्या बाजूच्या खांद्यावर घ्या, रस्त्याच्या बाजूच्या नाही. आणि ओढलीच तर सोडून द्या. पट्टा गळ्यात अडकून फरफटत गेल्याची दुखापत कुठल्याही फोनपेक्षा महाग पडते.

तरीही चोरी झालीच, तर पहिल्या तासात काय करायचं? रस्त्यात उभं राहून नाही, जवळच्या हॉटेलात, मोठ्या दुकानात किंवा कॅफेत जाऊन. हातात एक कागद हवा, स्वतःच्या अक्षरात लिहिलेला, दोन प्रतींमध्ये. त्यावर बँकेचा नंबर +९१ पासून सुरू होणारा. कार्डामागे छापलेले १८०० चे नंबर परदेशातून सहसा लागतच नाहीत. तुमची दुपारची रात्र झाली, त्यात याचा मोठा वाटा असणार. त्याखाली कार्डांचे शेवटचे चार आकडे, फोनचे दोन्ही आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक (स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की दिसतात), पासपोर्टचा क्रमांक, दिलेली तारीख आणि ठिकाण, विमा पॉलिसीचा क्रमांक आणि मदतीचा नंबर, भारतीय दूतावासाचा नंबर, घरचे दोन नंबर आणि हॉटेलचा पत्ता व्हिएतनामी भाषेत. पिन कुठलाही लिहायचा नाही.

क्रम असा. कुणाच्याही फोनवरून गुगलच्या 'फाइंड' सेवेत जाऊन गेलेला फोन लॉक करा. आयफोन असेल तर ॲपलची अशीच सेवा आहे. मग कार्डं बंद. मग तिथलं सिम किंवा ई-सिम बंद. हा क्रम उलटा करू नका. सिम आधी बंद केलं तर फोनला इंटरनेट राहत नाही आणि लॉकची आज्ञा पोचतच नाही. तुम्ही कार्डांचं बघत असताना फोन लॉक करायचं काम सोलापुरात बसलेलं माणूसही करू शकतं, त्याला ईमेलचा पासवर्ड आणि दोन बॅकअप कोड देऊन ठेवा.

त्यानंतर पोलीस. व्हिएतनाममध्ये पोलिसांचा नंबर ११३, रुग्णवाहिकेचा ११५. तक्रार मात्र त्या भागाच्या ठाण्यात जाऊनच द्यावी लागते आणि इंग्रजी येणारा भेटेलच असं नाही. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या कुणाला तरी सोबत यायची विनंती करा, आणि भाषांतराचं ॲप इंटरनेटशिवाय चालेल असं आधीच उतरवून ठेवा. फोन मिळेल या आशेनं जायचं नाही, शिक्क्याचा कागद घ्यायला जायचं. त्यावर तारीख, जागा, गेलेल्या वस्तू, आयएमईआय आणि तुमचं नाव पासपोर्टप्रमाणे हवं. विमा कंपनी हा कागद मागतेच, आणि बऱ्याच पॉलिसींत चोरी २४ तासांत कळवायची अट असते. पॉलिसी घेताना एक ओळ नीट वाचा: बहुतेक ठिकाणी रोख रक्कम आणि नजरेआड ठेवलेलं सामान धरत नाहीत, पासपोर्ट पुन्हा काढायचा खर्च धरतात.

पासपोर्ट गेला तर? हा भाग नीट वाचा, कारण व्हिएतनाम इथं इटलीपेक्षा अवघड आहे. पोलिसांचा दाखला घेऊन हनोईतला भारतीय दूतावास किंवा हो ची मिन्ह सिटीतला वाणिज्य दूतावास गाठायचा. तिथं दोन पर्याय असतात: नवा पासपोर्ट, किंवा इमर्जन्सी सर्टिफिकेट. हे सर्टिफिकेट फक्त भारतात परत येण्यापुरतं, एकदाच चालतं. त्यावर पुढे कंबोडियाला वगैरे जाता येत नाही. पण ते हातात आलं म्हणजे त्याच रात्री विमान, असं नाही. जुन्या पासपोर्टसोबत तुमच्या प्रवेशाचा शिक्काही गेलेला असतो, म्हणून व्हिएतनामच्या इमिग्रेशन विभागाकडून बाहेर पडायचा परवाना घ्यावा लागतो. त्यात कामाचे काही दिवस जातात, आणि शनिवार-रविवार मध्ये आला तर आणखी. तेव्हा पासपोर्ट गेल्याचं कळलं की त्याच दिवशी विमान कंपनीला कळवून तारीख पुढे ढकला. न कळवता विमान चुकवलं तर पुढचे टप्पेही रद्द होतात. सोबत पांढऱ्या पार्श्वभूमीचे सहा फोटो, पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची झेरॉक्स आणि ई-व्हिसाच्या दोन छापील प्रती असतील तर बरीच धावपळ वाचते. उतरल्यावर प्रवेशाच्या शिक्क्याचा फोटो काढून घरी पाठवा. हरवल्याची नोंद केलेला पासपोर्ट नंतर सापडला तरी वापरायचा नाही, तो रद्द झालेला असतो. परत आल्यावर नव्या पासपोर्टसाठी पोलिसांचा दाखला आणि 'ॲनेक्शर एफ' हे प्रतिज्ञापत्र लागतं.

हॉटेलवाले नोंदणीसाठी पासपोर्ट घेतात, ते तिथल्या नियमानुसार आहे. पण नोंद झाली की लगेच परत मागा. भाड्याच्या दुचाकीसाठी तारण म्हणून पासपोर्ट कधीच देऊ नका, पैसे ठेवा.

बॅग विमानासोबत आलीच नाही, तर विमानतळाबाहेर पडायच्या आत काउंटरवर पीआयआर नावाचा तक्रारअर्ज भरून क्रमांक घ्या. एकदा बाहेर पडलात की तक्रार नोंदवणं फार जड जातं. एक जोडी कपडे आणि औषधं नेहमी हातातल्या बॅगेत.

आता त्या पाच दिवसांबद्दल. खोलीत बसून राहिलात याची लाज वाटून घेऊ नका. चोरीनंतर हात थरथरतात, भूक मरते, प्रत्येक माणूस चोर वाटतो. असं बहुतेकांना होतं. म्हणून त्या रात्री तिकीट बदलायचा निर्णय घ्यायचा नाही, हे आत्ताच ठरवून ठेवा. कागदपत्रांची कामं उरकली की गरम काहीतरी खा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बॅगेत असेलच. दुसऱ्या दिवशी सकाळी, उजेडात, एकाच ठिकाणी जाऊन यायचं: हॉटेलपासून चालत दहा मिनिटांवरचा बाजार किंवा तलाव. सोबत फक्त दिवसाचे पैसे आणि हॉटेलचं कार्ड. तासाभरात परत. दुपारी पुन्हा एकदा, थोडं लांब. तिसऱ्या दिवसापर्यंत बस घ्यावीशी वाटते. नाहीच वाटलं, तर शहर बदला. तो पळपुटेपणा नाही.

निघण्याआधी एका रविवारी तालीम करा. नेहमीचा फोन शेजारच्यांकडे द्या, पर्स कपाटात ठेवा, आणि फक्त तो कागद, दुसऱ्या खात्याचं कार्ड आणि ५०० रुपये घेऊन अर्धा दिवस काढा. दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून ईमेल उघडून बघा. बँकेच्या +९१ च्या नंबरवर फोन लावा आणि कार्ड बंद करायला ते काय काय विचारतात ते लिहून घ्या. त्या दुसऱ्या खात्याच्या कार्डानं सात रस्त्याजवळच्या एखाद्या एटीएममधून शंभर रुपये काढा. कुठेतरी अडकायला होईलच: पासवर्ड आठवणार नाही, कार्डाचा पिन कधी लावलाच नव्हता असं निघेल. ते सोलापुरात निघू दे.

घरच्यांचं बोलणं काळजीपोटी आहे, पण नुसत्या काळजीला काम दिलं नाही तर ती फोनवर रागावते. त्यांच्यातला एकजण नेमा. जो रात्री फोन उचलतो आणि गडबडत नाही असा, मग तो वयानं लहान भाचा असला तरी चालेल. कागदाची दुसरी प्रत, फोरेक्सची सही केलेली कागदं आणि बॅकअप कोड त्याच्याकडे. व्हिएतनामची घड्याळं आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहेत. तिथल्या रात्री साडेनऊला, म्हणजे इथल्या आठला, रोज एक मेसेज. तो आला नाही तर नऊपर्यंत थांबायचं, मग हॉटेलला फोन, आणि त्यानंतरही काही कळलं नाही तर दूतावासाला. हा क्रम त्याला आत्ताच लिहून द्या.